इंदू, त्या दुधाबद्दल

इंदू, तुला जाऊन आज नववा दिवस. घरात माणसं येतात, बसतात, चहा घेतात आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणतात, "धाकट्या जावेला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलंत हो तुम्ही." मी नुसती मान हलवते. जावा-जावांचं पटतं याचंच लोकांना नवल, त्यात आपण तर तालुक्याला दाखवायला ठेवलेल्या जावा. पण ते वाक्य कानावर पडलं की मला पडवीतून उठून पळत सुटावंसं वाटतं. सांभाळलं म्हणजे मी नेमकं काय केलं, ते तुला ठाऊक होतं आणि मला.

म्हणून लिहायला बसले. बालवाडीच्या हजेरीवहीची मागची कोरी पानं आहेत ही. तू असतीस तर पहिलं हेच म्हणाली असतीस, "अक्का, सरकारी वही हाय ती. पोरांना कागद फाडला म्हनून ओरडता आन् तुमी काय करताय?" तुला माझ्या चुका बरोबर दिसायच्या. त्यातली एक सोडून बाकी सगळ्या तू तोंडावर बोलून दाखवल्यास, चारचौघांत हसवून दाखवल्यास. त्या एकीबद्दल मात्र सात वर्षं अवाक्षर काढलं नाहीस.

तू खालापूरकडची. लग्न होऊन आमच्या पोशीरच्या घरात आलीस तेव्हा मला इथे नऊ वर्षं झाली होती आणि माझी कूस काही उजवली नव्हती. घरात माझा दरारा होता, कारण सात यत्ता शिकलेली मी एकटी, आणि तोंडानं फटकळ. पण रिकाम्या ओटीच्या बाईचा दरारा कसला असतो, ते मला चांगलं माहीत होतं. सगळे ऐकायचे आणि पाठ वळली की च्चक् च्चक् करायचे. तुला दुसऱ्या वर्षी सुमन झाली. पाचवी पुजली, आणि सहाव्या दिवशी तू मला खोलीत बोलावलंस, पोर माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालीस, "अक्का, हिला दोन आया. दूध मी पाजीन, बाकीचं तुमी बघा. मला काय बी येत नाय." खोटारडी! तुला सगळं येत होतं. तीन धाकटी भावंडं कडेवर घेऊन वाढवलेली मुलगी तू. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. आनंदानं रडले, हे आज सांगते, कारण तेव्हा मी सगळ्यांना डोळ्यांत कोंडा गेला म्हणून सांगितलं होतं.

आता त्या उपकाराची परतफेड मी कशी केली ते लिहिते.

माझ्या माहेरी बाळंतिणीला धारोष्ण दूध द्यायची रीत. म्हशीच्या सडातून थेट पेल्यात, फेसासकट, अंगच्या उबेसकट. चुलीशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. दूध उकळलं की त्यातला जीव जातो, असं माझी आई म्हणायची आणि तिची आईही तेच म्हणायची. आपल्या घरी असं काही नव्हतं. काशी म्हशीचं सगळं दूध किटलीत भरून नेरळ स्टेशनजवळच्या हॉटेलात जायचं, घरात चहापुरतं राहायचं. सासूबाईंचं किटलीवर बारीक लक्ष. पण धार मी काढायचे. रोज पहाटे पहिला पेला मी तुझ्यासाठी काढून गवताच्या भाऱ्यामागे ठेवायचे, आणि किटलीत तेवढंच पाणी ओतायचे. मग तू उठून गोठ्यात आलीस की मी म्हणायचे, "एका दमात पी. थांबलीस तर थंड होईल." तू प्यायचीस. तोंड पुसायचीस. माझ्याकडे बघून हसायचीस.

बालवाडीत पोरांना मी काय शिकवत होते? पाणी गाळून, उकळून प्या. हात धुवा. माशी बसलेलं खाऊ नका. भिंतीवर चित्र लावलं होतं तसं. पण दूध म्हणजे दूध! दुधात कधी काही वाईट असेल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. पाण्याला नावं ठेवायला सरकारनं शिकवलं, दुधाला नावं ठेवायला कुणी शिकवलं नव्हतं.

सुमन चार-पाच महिन्यांची असताना, त्या उन्हाळ्यात, तू आजारी पडलीस. ताप, जुलाब आणि पोटात उजव्या बाजूला अशी कळ की तू विळीसारखी वाकून बसायचीस. कर्जतच्या डॉक्टरांनी औषध दिलं, आठवड्याभरानं जुलाब थांबले. मग नडग्यांवर लाल गाठी आल्या, सुपारीएवढ्या, हात लावला तरी ठणकायच्या. मी त्यांना आंबेहळदीचा लेप लावला. सासूबाई म्हणाल्या, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. गाठी हळूहळू निळ्या पडून जिरल्या आणि आम्ही सगळे तो आजार विसरून गेलो.

विसरली नाहीस ती तू. त्यानंतर तू म्हणायला लागलीस, "अक्का, त्या तापापासनं माझं काय तरी बिघाडलंय." तू वाळत चालली होतीस. खायचीस गड्यासारखी, ताटात तिसरी भाकरी मागायचीस, आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. थंडीच्या दिवसांत तुला घाम. हाताला कंप. रांगोळी घालताना रेघ वाकडी गेली की म्हणायचीस, "ही आमच्या म्हायेरची पाताळगंगा. ती काय सरळ वाहत नाय." आम्ही हसायचो. मी सांगायचे, "बिघडलं-बिघडलं म्हणू नकोस. अंगावर पाजतेस, म्हणून शोष पडलाय." आणि शोष पडला म्हणून मी काय केलं? एका पेल्याचे दोन केले. तू जितकी झिजलीस तितकं मी तुला जास्त पाजलं.

मग डोळे. तुझे डोळे मुळात टपोरे, पण ते पुढे यायला लागले, पापण्या वर ओढल्यासारख्या. कुणाकडे साधं बघितलंस तरी जाब विचारल्यासारखं वाटायचं. लावणीच्या दिवसांत एकदा सासूबाईंनी तुला मूठभर रोपं वाकडी लावली म्हणून टोकलं. तू कमरेतून सरळ झालीस आणि त्यांच्याकडे बघितलंस. त्या कडाडल्या, "डोलं कुनाला दावतेस गं? काल आलेली पोर तू!" अख्ख्या गावच्या बाया चिखलात उभ्या. मी तुझी बाजू घ्यायला हवी होती. मी म्हटलं, "इंदू, मोठ्या माणसांवर डोळे वटारायचे नसतात. खाली बघ." तू खाली बघितलंस. दिवसभर वर बघितलं नाहीस. तुला तेव्हा पापणी मिटत नव्हती गं! तुझ्या अंगावरचा आजार होता तो, आणि आम्ही त्याला उद्धटपणा म्हटलं. या एका गोष्टीसाठी मी तुझ्या पायावर डोकं ठेवलं आहे. तू हसून पाय ओढून घेतलेस आणि म्हणालीस, "जाऊ द्या, माझ्या डोल्यांना आता सगलेच भितात. सासूबाई पन चा गरम करून देतात."

आणीबाणीच्या साली कर्जतच्या डॉक्टरांनी तुझी नाडी मोजली, गळ्याला हात लावला आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. तिथे तुझ्यासोबत मी आले होते. भावजी गिरणीच्या पाळीला गेले होते, आणि डॉक्टरांशी बोलायचं तर घरात मीच.

तो डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, आणि त्याला समजावून सांगायची हौस होती. रक्त तपासून झाल्यावर त्यानं सांगितलं की गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, ती शरीराची चाल ठरवते, आणि तुझी ग्रंथी बेफाम धावतेय. तू विचारलंस, "पन का धावतेय?" हे तुझंच. दुसरी कुणी बाई असती तर गोळ्या घेऊन उठली असती.

तो म्हणाला, "बाई, हे नक्की कुणालाच माहीत नाही. पण तुमचंच शरीर तिला डिवचतंय, एवढं कळलंय. याच्या आधी पोटाचं काही मोठं दुखणं झालं होतं का?"

तू ताप सांगितलास, जुलाब सांगितले. नडगीवरच्या गाठी सांगितल्यास तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्याचं बोलणं मला शब्दाला शब्द पाठ आहे, सात वर्षं मी दुसरं काही पाठ केलेलं नाही. "जंतू शिरले की शरीर त्यांच्याविरुद्ध हत्यारं बनवतं. ती हत्यारं जंतूला त्याच्या ठेवणीवरून ओळखतात. पोटाच्या काही जंतूंची थोडी ठेवण या ग्रंथीसारखी असावी, अशी काही डॉक्टरांना शंका आहे. मग जंतू मेले तरी हत्यारं थांबत नाहीत. ग्रंथीलाच जंतू समजून तिच्या मागे लागतात. तुमच्या आजारात ती ग्रंथीला मारत नाहीत, उलट चाबूक मारून पळवतात."

तू म्हणालीस, "म्हंजे चोर गेला पळून आन् मार घरच्या बैलाला."

तो मोठ्यानं हसला. म्हणाला, इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं. मग घाईघाईनं म्हणाला, पण ही शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. हा आजार घराण्यातूनही येतो, बाळंतपणानंतरही उमटतो, जंतू म्हणजे फार तर एक धक्का. तुझ्या मावशीचा गळा सुजलेला होता हे ऐकून त्यानं मान डोलावली. आणि कागदावर लिहिता लिहिता, सहज, त्यानं विचारलं, "हे जंतू न उकळलेल्या पाण्यातून जातात, कच्च्या दुधातून जातात. त्या दिवसांत कच्चं दूध घेत होता का?"

 मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, मी सांगणार होते. पण तू माझ्या आधी बोललीस, माझ्याकडे न बघता, "दूध मला आवडतच नाय, डॉक्टर. आन् आमच्या घरात सगलं उकळूनच घेतात. या अक्का बालवाडीच्या बाई हायेत."

त्यानं कागदावर लिहिलं, नाही. आणि मी ते लिहू दिलं.

परतताना आपण नेरळला उतरलो. टेंपोत बसल्यावर तू सुमनला नवा फ्रॉक शिवायचा विषय काढलास. मी हो हो करत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पेला काढला नाही. तू गोठ्यात आली नाहीस. एवढंच झालं, आणि एवढ्यावर आपलं बोलणं संपलं.

मी भांडण उकरायचा प्रयत्न केला, आठवतं? म्हैस विका म्हणून मी हट्ट धरला. सासूबाई म्हणाल्या, दुभती म्हैस इकायला येड लागलंय काय हिला? मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, तू आता बोलशील. फटकन म्हणशील, अक्का, म्हैस विकून तुमचं केलेलं पुसणार हाय का? मग मी रडले असते, तू रडली असतीस, काहीतरी मोकळं झालं असतं. तू कणीक मळत म्हणालीस, "म्हशीनं काय घोडं मारलंय तुमचं?" आणि सगळे हसले.

गोळ्यांनी तू सुधारलीस. अंग भरलं, कंप गेला, डोळे तेवढे तसेच राहिले. मधली पाच-सहा वर्षं इतकी बरी गेली की मी स्वतःला म्हणायला लागले, सुटलो. तू बालवाडीत येऊन बसायचीस. पोरं तुझ्या डोळ्यांना भ्यायची नाहीत, उलट तुझ्यासारखे डोळे मोठे करून बघायची स्पर्धा लावायची, आणि तू परीक्षक. सुमनला अक्षर मी शिकवलं आणि वात्रटपणा तू. इंदू, तू मला आई केलंस, घरात माणूस केलंस. तू नसतीस तर मी या घरात एक कडवट म्हातारी होऊन बसले असते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, वेळ आहे.

यंदाच्या कापणीत तू पुन्हा खंगायला लागलीस. कर्जतला दाखवलं, गोळ्या वाढवल्या. त्यात ताप आला. साधा ताप, गावात चार घरी होता. पण तुझं हृदय धावत सुटलं ते आवरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तुला टेंपोत घातलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर. छातीवर हात ठेवला तर पोत्यात कोंबडी फडफडावी तसं आत चाललेलं. आणि तेव्हा, तुला श्वास पुरत नसताना, मी काय केलं? मी माझाच प्रश्न विचारला. "इंदू, माझ्या दुधानं झालं का गं?"

लाज वाटत नाही का मला? वाटते.  तुला पाणी हवं का विचारायचं, सुमनची काळजी करू नको म्हणायचं. ते सोडून मी तुझ्या शेवटच्या श्वासांतला एक माझ्यासाठी मागितला. तू माझ्याकडे बघितलंस. तुझे डोळे सदाचेच मोठे, त्यात राग होता की माया की नुसती भीती, मला वाचता आलं नाही. कर्जत यायच्या आत तू गेलीस.

तेव्हापासून मी वकिली करते. कधी माझ्या बाजूनं, कधी माझ्याविरुद्ध. त्या उन्हाळ्यात विहीर आटली होती, आपण नदीच्या वाळूत डवरे खणून पाणी आणत होतो, वाडीतल्या दोन पोरांनाही तेव्हाच जुलाब झाले होते, त्यांनी कुठे दूध प्यायलं होतं? म्हणजे पाणी. मग लगेच दुसरा आवाज म्हणतो, ते पाणी तर घरात सगळेच प्यायले, कच्चं दूध तू एकटी प्यायलीस, आणि गाठी तुला एकटीला आल्या. मग म्हणते, मावशीचा गळा. मग म्हणते, बाळंतपण. मग पुन्हा पेला. परवा मी कर्जतच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "बाई, कोणाला सांगता येणार? आणि तेव्हा कळलं असतं तरी गोळ्या ह्याच दिल्या असत्या." त्यांना वाटलं मला धीर आला. दोषी आहेस असं कुणी म्हटलं असतं तर मी दोष घेऊन बसले असते. नाहीस म्हटलं असतं तर रडून मोकळी झाले असते. हे "कोणाला सांगता येणार" घेऊन मी कुठे जाऊ?

आज सकाळी राहवलं नाही. भावजी अंगणात एकटेच बसले होते, तुझ्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पेला, गवताचा भारा, डॉक्टरचा कागद, सगळं.

ते बाटल्या भरतच राहिले. मग म्हणाले, "ठाव हाय मला, वयनी. इंदूनं कवाच सांगितलं व्हतं."

मी म्हटलं, "मग ती डॉक्टरांपाशी खोटं का बोलली?"

"आवडत नाय बोल्ली ते कुठं खोटं व्हतं? तिला दूध लहानपनापासनं चालत नव्हतं. वास आला तरी पोटात ढवळायचं. तुमचा पेला नाक दाबून प्यायची आन् मागल्या दारी जाऊन कवा कवा वकायची. मी बोल्लो, सांग ना वयनींना. तर बोल्ली, त्यांना पोर नाय, त्यांनी माया लावायची कुनाला? एक पेलाच तर हाय, पिते मी."

एवढं सांगून ते बाटल्यांची पिशवी उचलून निघून गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

इंदू, माझी दया आली होती होय तुला? मी समजत होते, मी तुला सांभाळते. तू विशीतली पोर, पहाटे उठून, नाक दाबून, मला सांभाळत होतीस! सासूबाईंना तू उलट उत्तरं दिलीस, नवऱ्याशी भांडलीस, मुंबईच्या डॉक्टरला प्रश्न विचारलेस. साऱ्या जगापुढे तुझं तोंड चाललं आणि माझ्यापुढे तेवढं मिटलं? मी वाईट मानलं असतं, दोन दिवस फुगून बसले असते, फार तर आठ दिवस. आणि तू आज असतीस. किंवा नसतीस, ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण मी अशी चहूकडे तुझ्या नावानं डोकं आपटत बसले नसते.

सगळे मला माफी मागायला सांगतील, देवाची, तुझी. मला माफी नको आहे. तू ती केव्हाच देऊन टाकलीस, मी मागायच्या आधी, आणि तीच मला गिळवत नाही. मला फक्त एकच हवं आहे, आणि ते मागायला आता माझ्याकडे जागा उरलेली नाही. एकदा ये, माझ्या तोंडावर ये, आणि म्हण, "अक्का, नको."